रिकामं राहण्यासाठी बांधलेलं धरण : दुरुस्तीच्या नोंदी

२ फेब्रुवारी

कामाचा आदेश हातात पडला. 'धरणाची गळती थांबवणे' एवढाच मजकूर. सोबत जुन्या नकाशाची फोटोकॉपी: मातीचा भराव, तळापासून उंची ९ मीटर, लांबी १८० मीटर, पाणलोट ६ चौरस किलोमीटर. सांडव्याचा (जादा पाणी बाजूनं निघून जायच्या वाटेचा) उंबरठा तळापासून ७ मीटरवर आणि तिथपर्यंतचा साठा २ लाख ४० हजार घनमीटर. भरावाखालून ९०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीटचा नळ जातो, त्याला दार नाही. उद्देशाच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'पूरनियंत्रण'.

शंका तिथेच आली. असं धरण वर्षातले जवळजवळ सगळे दिवस कोरडं असतं. कोरड्या धरणातून गळणार काय?

५ फेब्रुवारी

जागेवर गेलो. धरणात साडेतीन मीटर पाणी, वर शेवाळाचा थर. नळाच्या तोंडावरची लोखंडी जाळी दगड, मातीची पोती आणि एक जुनी फळी लावून पक्की बुजवलेली. वरून चिखल लिंपलेला. काम घाईचं नाही, कुणीतरी दोन-तीन उन्हाळे निगुतीनं केलेलं दिसतं.

भरावावर भेटलेल्या आजोबांनी काही लपवलं नाही. "साहेब, एवढं पाणी डोळ्यांदेखत वाहून जायचं. आम्ही अडवलं, विहिरींना आधार झाला." त्यांच्या बाजूनं बघितलं तर यात चूक काय आहे? समोर एवढी मोठी भिंत उभी, आणि तिच्या बुडाला कायमचं उघडं भोक. ज्यानं कुणी ते ठेवलं त्यानं का ठेवलं, हे गावाला कधी कुणी सांगितलेलं नाही. नकाशा कपाटात आणि भोक उघड्यावर.

कोरड्या बाजूला, जिथे नळ बाहेर पडतो तिथे, डावीकडे ओल. बाकी सगळा उतार वाळलेला आणि एवढाच तुकडा हिरवागार. पायाखालची माती दबते. नळाच्या बाहेरच्या अंगाला लागून पाण्याची बारीक धार. पाणी नितळ आहे, ही चांगली बातमी. धार नळाला लागून आहे, ही वाईट.

७ फेब्रुवारी

ओलीच्या खाली छोटी चर काढून ९० अंशाचा व्ही-नॉच बसवला. पत्र्याला तिकोनी खाच, तिच्यातून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजायची. आज ४ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला ०.४४ लिटर. याची गंमत अशी की उंची ४ वरून ६ सेंटिमीटर झाली तर डोळ्याला काहीच फरक वाटत नाही, पण पाणी पावणेतीन पट झालेलं असतं. म्हणून 'थोडंसं वाढलंय' हा शब्दप्रयोग या कामाच्या वहीत चालणार नाही, आकडाच लिहायचा, असं दोन्ही मदतनिसांना बजावलं. रोज सकाळी एकाच वेळी वाचायचं, आणि काचेच्या बाटलीत पाणी भरून उन्हात धरून बघायचं. गळतीच्या आकड्याइतकाच तिचा रंग महत्त्वाचा. नितळ पाणी नुसतं पाणी असतं. गढूळ पाण्याबरोबर भराव चाललेला असतो.

८ फेब्रुवारी

कार्यालयात एकानं विचारलं, दारच नाही असं धरण बांधतात का? बांधतात, आणि विचारपूर्वक बांधतात. ओढ्याचं रोजचं पाणी नळातून सरळ निघून जातं. नळाला पेलणार नाही असा लोंढा आला की वरचं पाणी भरावामागे थांबतं आणि मग त्याच नळातून सावकाश उतरतं. अमेरिकेत ओहायो राज्यात १९१३ च्या पुरानं डेटन शहर बुडालं. त्यानंतर आर्थर मॉर्गन यांच्या देखरेखीखाली मियामी नदीच्या खोऱ्यात अशी पाच कोरडी धरणं बांधली गेली आणि १९२२ पर्यंत ती पुरी झाली. एकालाही दार नाही. मागच्या जमिनीवर आजही शेती होते, पूर आला की तेवढ्यापुरती ती बुडते. दार नसल्याचा फायदा हा की रात्री दोन वाजता कुणी उठून काही फिरवावं लागत नाही. चाव्या हरवत नाहीत, गंजलेला दांडा अडकत नाही.

आपल्या नळाचा हिशेब केला. धरण सांडव्यापर्यंत भरलं असताना नळातून सेकंदाला सुमारे साडेचार घनमीटर पाणी जातं, म्हणजे साडेचार क्युमेक. भरलेलं धरण साधारण एका दिवसात रिकामं. सध्या बुजवलेल्या जाळीतून झिरपतंय ते फार तर ०.४ क्युमेक. त्या गतीनं रिकामं व्हायला सात दिवस, आणि पावसाळ्यात दोन मोठ्या पावसांमध्ये सात दिवस कोरडे कोण देणार?

लोकांचा मुद्दा मात्र एका बाबतीत खरा आहे, तो लिहून ठेवतो. साडेतीन मीटर म्हणजे सांडव्यापर्यंतची अर्धी उंची, पण खोऱ्याचा तळ अरुंद असल्यामुळे त्यात साठ्याचा पाचवा हिस्सासुद्धा जात नाही. 'आम्ही थोडंच तर अडवलंय' हे बरोबरच आहे. नुकसान अडवलेल्या पाण्याचं कमी, बुजलेल्या नळाचं जास्त.

११ फेब्रुवारी

माथ्याची पातळी घेतली, दर पाच मीटरवर. माथा बघायला सपाट वाटतो, पण नळाच्या बरोबर वर २५ सेंटिमीटर खचलेला आहे. नळाच्या दोन्ही अंगांना माती नीट कुटता येत नाही, रोलर तिथे पोचत नाही, म्हणून असे भराव बहुतेक वेळा तिथेच बसतात. पानशेतला १२ जुलै १९६१ रोजी जे झालं त्यातही विमोचकावरचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गावरचा, भराव खचत जाणं हाच धागा होता. मातीच्या धरणात पुरलेला नळ दिसला की आधी तिकडे बघावं.

दुपारी सांडव्यावर. नकाशात रुंदी १५ मीटर, जागेवरही १५ मीटर. पण उंबरठ्यावर ६० सेंटिमीटर मुरूम टाकून वाहनांसाठी रस्ता केलेला. मुरूम इतका दाबून बसलाय की पहिल्या झटक्यात वाहून जाईल या भरवशावर राहता येणार नाही.

१२ फेब्रुवारी

कालच्या आकड्यांचं गणित मांडलं. हे पान नंतर सगळ्यांना दाखवायचं आहे, म्हणून सविस्तर.

शंभर वर्षांत एकदा अपेक्षित अशा पुरात या सांडव्यावरून २८ क्युमेक जावेत असं मूळ हिशेबात धरलंय. त्यासाठी उंबरठ्यावर १.११ मीटर पाणी चढावं लागतं. माथा उंबरठ्यापेक्षा २ मीटर वर. म्हणजे पाणी आणि माथा यांच्यात ८९ सेंटिमीटर कोरडी जागा उरते. यालाच मुक्तांतर म्हणतात. लाटा, भराव बसणं आणि हिशेबातली अनिश्चितता, सगळ्यांची सोय त्यात.

आता उंबरठा ६० सेंटिमीटर वर गेलाय आणि माथा २५ सेंटिमीटर खाली आलाय. तेच २८ क्युमेक पाणी जाताना उरलेलं अंतर: ४ सेंटिमीटर. वाऱ्यानं उठणारी लाटसुद्धा याहून मोठी असते.

त्यात नळ बुजलेला. नळातून जाणारे साडेचार क्युमेकही सांडव्यावरच येणार. मग पाणी खचलेल्या जागेवरून सुमारे साडेसात सेंटिमीटर उंचीनं वाहू लागतं, आणि ते बरोबर नळाच्या वरून, जिथे भराव सगळ्यात कच्चा. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की कोरड्या बाजूचा उतार पायथ्याकडून खरवडत वर येतो. ते थांबवायला मग कुणाच्या हातात काही नसतं. मोरवीच्या वरचं मच्छू-२ हे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असंच मातीच्या भरावावरून पाणी जाऊन फुटलं.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी केल्या किंवा होऊ दिल्या. प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर किरकोळ. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणाची गोष्ट अशीच होती. एका मालकानं तळाचे नळ काढून भंगारात विकले. पुढच्यांनी गाडीरस्त्यासाठी माथा उतरवून रुंद केला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी ते धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन भागात २,२०९ माणसं गेली.

शंभर वर्षांच्या पुराबद्दलही एक गैरसमज आहे. तो शंभर वर्षांनी येतो असं नाही, दर वर्षी त्याची शक्यता एक टक्का. पन्नास वर्षांत निदान एकदा तो येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के होते. धरणाचं आयुष्य पन्नास धरलं तर हे नाणेफेकीच्या जवळपास आलं.

१५ फेब्रुवारी

धरणाखालच्या ओढ्याकाठानं चालत गेलो. नकाशा झाला तेव्हा काठावर घरं नव्हती. आता पहिल्या दीड किलोमीटरमध्येच एक वस्ती आणि शाळा आहे. धरण झालं, पूर येईनासा झाला, म्हणून लोक काठाला सरकले. पूर अडवणाऱ्या बांधांमागे हे जगभर होतं.

संध्याकाळी फुटीचा अंदाज काढला. फ्रोलिक यांचं १९९५ चं सूत्र घेतलं, जुन्या फुटींच्या आकड्यांवरून बसवलेलं. चूक दुपटी-निमपटीची असू शकते, पण घोटाळा कुठे आहे ते कळतं. मोठ्या पावसात ओढ्याला येणारा लोंढा ४० क्युमेकच्या आसपास. धरण रिकामं असेल तर तो साडेचारवर येतो. भरलेलं धरण फुटलं तर सुमारे २६०. म्हणजे धरण नसतं तर जेवढं पाणी आलं असतं त्याच्या सहापटीहून जास्त, आणि तेही अचानक.

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येत १५ मीटर किंवा त्याहून उंच धरण मोठं, किंवा ५ ते १५ मीटर उंचीचं पण साठा ३० लाख घनमीटरहून जास्त असलेलं. आपलं यातल्या कशातच बसत नाही, म्हणून ते कुणाच्या यादीत ठळक नाही. यादी धरणाची उंची बघते. खालची शाळा किती लांब आहे ते बघायला चालतच जावं लागतं.

२० फेब्रुवारी

गावाबरोबर बैठक. आवाज चढले, ते साहजिक होतं. पाणी सोडायचं म्हटल्यावर कुणाला आनंद होईल?

मी १२ तारखेचं पान भिंतीवर लावलं आणि चार सेंटिमीटर फूटपट्टीवर दाखवले. त्यापुढे फार बोलावं लागलं नाही. विहिरींचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि 'धरण तुमच्यासाठी सुरक्षित, पण पाणी विसरा' असं सांगून काम होत नाही. पावसाळा आला की जाळी पुन्हा बुजणार, एवढं नक्की.

तोडगा सर्व्हेअरनं सुचवला. माथा उचलायला माती लागणारच आहे, ती बुडीत क्षेत्राच्या वरच्या टोकाला, भरावापासून दीडशे मीटर लांब खड्डा घेऊन काढायची. तो खड्डा तळाच्या पातळीखाली असल्यामुळे त्यात कायम पाणी राहिलं तरी पुराची जागा घटत नाही. भरावाच्या पायथ्याशी खोदायचं नाही, तिथली मूळ घट्ट माती पाण्याला जमिनीखालून वाट देत नाही, ती शाबूत हवी. तीन हजार घनमीटरचं तळं होईल. धरणात होतं त्याच्या तुलनेत फारच थोडं. आजोबा म्हणाले, "काही नाही त्यापेक्षा बरं." लेखी संमती झाली.

२४ फेब्रुवारी

पोती काढायला सुरुवात. एकदम नाही. रोज ३० सेंटिमीटर, त्याहून वेगानं पाणी उतरवायचं नाही.

मदतनिसाचा प्रश्न रास्त होता: पुरात तर हेच धरण एका दिवसात सात मीटर उतरतं, मग आता एवढी काळजी कशाला? फरक मुरण्याचा. पुराचं पाणी एखादा दिवस टेकतं, भरावाच्या आत फार शिरत नाही. हे पाणी काही वर्षं टेकून आहे. आतली माती पूर्ण भिजली आहे. बाहेरचा आधार झटकन काढला तर आतल्या पाण्याचा दाब तसाच राहतो आणि ओला उतार खाली घसरतो.

८ मार्च

तळ उघडा. नळाच्या तोंडाशी गाळ दीड मीटर. व्ही-नॉच कोरडा.

१० मार्च

नळात चाकांवरचा कॅमेरा घातला. बाहेरून आत जाताना साधारण मध्यावरच्या सांध्याशी, डाव्या बाजूला, बारीक मातीचा पंखा पडलेला. शंकूसारखा, टोक सांध्याच्या फटीत. फटीत बोट जाईल एवढी जागा. रबराची कडी जागेवर नाही.

म्हणजे पाणी दोन वाटांनी हलत होतं. नळाच्या बाहेरून अंगाला लागून खाली, आणि सांध्यातून नळाच्या आत. दुसरी वाट जास्त धोक्याची, कारण नळातून वाहणारं पाणी माती लगेच धुऊन नेतं, बाहेर कुणाला कळत नाही. बाहेरची धार नितळ होती याचं समाधान तेवढंच. कोलोरॅडोतलं लॉन लेक हे ८ मीटरचं लहान धरण १५ जुलै १९८२ रोजी याच पद्धतीनं गेलं. विमोचकाच्या नळाचा सांधा झिजला होता आणि भरावाची माती आतून वाहून गेली.

इथे हेही नोंदवायला हवं की मूळ रचनेत कोरड्या बाजूला गाळणीचा थर नाही. बांधणाऱ्याचा तो निष्काळजीपणा म्हणता येत नाही. एक-एक दिवस पाणी धरणाऱ्या भरावाला कायमच्या पाझराची सोय करावी असं त्याला वाटलं नसेल. गावानं त्याचं तलाव केलं आणि भराव ज्यासाठी बांधला नव्हता ते काम त्याला लागलं.

१९ मार्च

कोरड्या बाजूनं नळ एक तृतीयांश लांबीपर्यंत उघडा केला. नळाभोवती वाळूचा पडदा बांधायचा आहे, रुंदी एक मीटर, नळाच्या चारही अंगांना. पूर्वी अशा जागी नळाला काँक्रीटच्या कड्या घालत, पाण्याची वाट लांबावी म्हणून. पण कडीभोवती माती कुटणं आणखी अवघड, त्यामुळे भेग उलट वाढायची. आता वाळूचाच पडदा घालतात. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीच्या कणाला अडवायचं.

२२ मार्च

वाळूची पहिली खेप परत पाठवली. चाळणीच्या हिशेबात बारीक कण ५ टक्क्यांच्या आत हवेत, यात आठच्या वर निघाले. पण पुरवठादाराला टक्केवारी पटेना, म्हणून त्याच्यासमोर सोपी परीक्षा केली. ओली वाळू छोट्या बादलीत दाबून परातीत उलटी केली आणि परातीत हळूहळू पाणी ओतलं. चांगली वाळू पाणी लागताच ढासळून पसरली पाहिजे. ही तशीच उभी राहिली, कडा शाबूत. जी वाळू पाण्यात उभी राहते ती भेगही उघडी धरून ठेवते. गाळणीनं भेगेत कोसळून ती बुजवायची असते. दुसऱ्या खाणीतली वाळू आणून तीच परीक्षा केली, दोन मिनिटांत ढिगारा सपाट. तीच घेतली. पुरवठादारही नंतर बराच वेळ परातीशी खेळत बसला होता.

९ एप्रिल

वाळूचा पडदा पूर्ण, त्यातून निघणारं पाणी स्वतंत्र नळीनं व्ही-नॉचवर. सांध्यांना आतून नवी कडी आणि ग्राउट, म्हणजे फटीत भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण. वरची माती थराथरानं, १५ सेंटिमीटरचा थर, नळाजवळ हातानं चालवायचं कुटाई यंत्र. घाई करू दिली नाही.

१४ एप्रिल

झाडं. पाण्याच्या बाजूला मनगटाएवढ्या जाडीची बरीच, आणि एक चांगलं मोठं. ते सावलीसाठी ठेवा असा आग्रह झाला. ठेवलं नाही. झाड वाऱ्यात उन्मळलं तर मुळांबरोबर भरावाचा घासच जातो, आणि उभ्या-उभ्या मेलं तर मुळं कुजून आत पोकळ नळ्या राहतात. बुंधा मुळांसकट काढून खड्डा थर देऊन भरला. गवत मात्र राखायचं.

उंदीर-घुशींची बिळं माथ्याजवळ सापडली. वरच्या भागातली बिळं लोकांना निरुपद्रवी वाटतात, कारण पाणी तिथवर येत नाही. ते येतं त्याच दिवशी धरणाची गरज असते. पूरनियंत्रणाच्या धरणाला दर मोठा पूर हा पहिल्यांदाच पाणी भरण्यासारखा असतो. वरची माती वर्षानुवर्षं सुकलेली, भेगाळलेली. आयडाहोचं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरणीत आतून पोखरून फुटलं, ते तर केवढं मोठं आणि नवं होतं. बिळं खणून, माती कुटून भरली.

२८ एप्रिल

माथा मूळ पातळीच्या १० सेंटिमीटर वर नेला, मधे किंचित उंच, पाणी दोन्हीकडे निथळेल असा. सांडव्यावरचा मुरूम निघाला. वाहनांसाठी उंबरठ्याच्या पातळीतच काँक्रीटचा पट्टा केला, पाणी असताना रस्ता बंद. सांडव्याच्या दोन्ही टोकांना पातळी दाखवणारे खांब रोवले, म्हणजे पुन्हा कुणी मुरूम टाकला तर नुसत्या नजरेला कळेल.

जाळी नवी, तिरपी, वर हात पोचेल अशी. कचरा वरून ओढता यावा. जुन्या उभ्या जाळीला पानं चिकटली की पाण्याच्या दाबानं तिथेच बसायची.

६ मे

इशाऱ्याची व्यवस्था. ही नोंद सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त चर्चेची. पाण्याच्या बाजूला पायऱ्यांवर रंगानं पट्टी: ५ मीटरपर्यंत हिरवी, ५ ते ७ पिवळी, वर लाल. पिवळ्यात पाणी आलं की दोघं भरावावर. सांडवा वाहू लागला की वस्ती आणि शाळेला निरोप, पोरं-म्हातारी आधी. पाझर गढूळ दिसला तर पातळी कुठलीही असो, विचारत न बसता सगळ्यांना वर न्यायचं. फोन लागला नाही तर कोण धावणार हे नावानिशी ठरलं. तीन घरांतल्या माणसांनी मुलांची जबाबदारी घेतली.

धरण पूर्ण सुरक्षित झालं असं लिहून द्या, अशी मागणी आली. लिहून दिलं ते असं: हे धरण शंभर वर्षांच्या पुरापर्यंतचं पाणी माथ्यावरून न जाता सोडेल, त्याहून मोठ्या पुराची हमी नाही, आणि काठावर नवी घरं बांधू नयेत. काहींना आवडलं नाही.

२६ जून

पहिला मोठा पाऊस, रात्री पावणेदहाला सुरू. ११.३० ला पट्टीवर ३.२ मीटर, १२ ला ४.२. अर्ध्या तासात एक मीटर. साठ्याच्या तक्त्यावरून आत येणारं पाणी २१ क्युमेक निघतं. त्या वेळी नळातून बाहेर साधारण तीन. वस्तीतून फोन आला, ओढा नेहमीच्याच काठात आहे, पाऊस थांबला का? पाऊस थांबला नव्हता.

१.१५ ला ५.२ मीटर, सर्वांत जास्त. पिवळ्या पट्टीत, म्हणून दोघं वर होते. नळातून ३.८ क्युमेक. व्ही-नॉच ३ सेंटिमीटर, सेकंदाला ०.२ लिटर, बाटलीतलं पाणी बॅटरीच्या उजेडात नितळ. पाऊण तासानं पुन्हा बघितलं, तसंच. जाळीवर काट्याकुट्यांचा ढीग आला, आकड्यानं ओढून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तळ उघडा.

२८ जून

पुन्हा तेवढाच पाऊस. पातळी ५.१ पर्यंत जाऊन उतरली. नळ बुजलेला असता तर या पावसाला साठ्याची निम्मी जागा आधीच भरलेली सापडली असती, हे वहीतल्या आकड्यांवरून काढून बैठकीच्या कागदाला जोडलं. वरचं तळं काठोकाठ आहे. त्याच्या कडेला उतार जास्त उभा राहिलाय, जनावरं घसरतील, तो पावसाळ्यानंतर पसरट करायचा.

३ जुलै

कार्यालयाला अहवाल पाठवला. उरलेली कामं: नळाच्या तोंडाशी गाळमापनाचे खांब, पाऊस संपल्यावर साठ्याची नवी पातळी-क्षमता मोजणी, माथ्याच्या बसण्याची वाचनं दर महिन्याला. फाईलच्या मुखपृष्ठावरचं 'पाझर तलाव' खोडून 'पूरनियंत्रण, कायम कोरडे ठेवणे' असं लिहायला सांगितलं. पुढच्या माणसाच्या हातात ती फाईल आधी पडेल. जाळी साफ करायची पाळी या आठवड्यात खालच्या वस्तीकडे.